कॅल्मोड्युलिन मिटलं हे सॅक्सने कसं ओळखायचं

नव्या मुलांना सॅक्स, म्हणजे लहान कोनांत विखुरलेल्या एक्स-रेवरून द्रावणातल्या रेणूचा आकार ओळखण्याची पद्धत, शिकवताना मी आधी कॅल्मोड्युलिनच हातात देते. १४८ अमिनो आम्लांचं हे प्रथिन कॅल्शियम असताना डंबेलसारखं लांब असतं आणि मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराचं पेप्टाइड (छोटा तुकडा) मिळालं की त्याच्याभोवती मिटतं. जायरेशन त्रिज्या (रेणू केंद्रापासून सरासरी किती पसरलाय त्याचं माप) सुमारे २१ अँगस्ट्रॉमवरून १७ च्या आसपास उतरते. उत्तर ठाऊक असलं की हातचलाखीला वाव राहत नाही.

निम्मं काम बीमलाइनवर, म्हणजे एक्स-रे झोताच्या मोजणीच्या जागी, जाण्याआधीच होतं, तेही बफरमध्ये (प्रथिन ज्यात विरघळलेलं असतं त्या द्रावणात). एक्स-रे पाणी आणि क्षारांमुळेही विखुरतात, म्हणून प्रथिनाच्या आलेखातून बफरचा वजा करायचा. ‘त्याच कृतीने’ नव्याने केलेलं बफर मला चालत नाही. डायलिसिसच्या पिशवीबाहेरचं जपून ठेवा. उरलेलं मोकळं पेप्टाइडही सरासरीत मिसळतं, ते आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवर काढून टाका. मग नमुना सेंट्रिफ्यूज करून मिलिलिटरला १, २ आणि ५ मिलिग्रॅम अशा तीन प्रमाणांत मोजा. आणखी एक नमुना ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालून ठेवा. कॅल्शियम गेलं की पेप्टाइड सुटायलाच हवं.

एकच लांब एक्स्पोजर नको, छोट्या छोट्या फ्रेम घ्या. पुढच्या फ्रेममध्ये लहान कोनाकडची तीव्रता चढत गेली तर किरणांनी प्रथिन बिघडतंय. त्या फ्रेम टाकून द्या.

आता गिनिए आलेख: तीव्रतेचा लॉगॅरिदम विरुद्ध क्यूचा (विखुरण्याच्या कोनावरून काढलेल्या मापाचा) वर्ग. क्यू गुणिले जायरेशन त्रिज्या १.३ च्या आत ठेवा, रेषा सरळ आली पाहिजे. सुरुवातीला वर वळली तर गठ्ठे झालेत. ते बिंदू खोडून रेषा सरळ करणाऱ्यांचा मला राग येतो. शून्य कोनाची तीव्रताही बघा, ती रेणूच्या वजनासोबत वाढते. पेप्टाइडने वजन जेमतेम तीन किलोडाल्टन वाढतं. तीव्रता दुप्पट झाली तर प्रथिन मिटलं नाही, जोडीने चिकटलं.

यानंतरच रेणूतल्या बिंदूंच्या जोड्यांमधल्या अंतरांचं वितरण काढा. उघड्या रूपात दोन गोळ्यांमधल्या अंतराचा खांदा दिसतो, मिटल्यावर तो एकाच उंचवट्यात विरतो. क्रायसॉलमध्ये (रचनेवरून आलेख काढून डेटाशी जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघड्या रूपाची क्रिस्टल-रचना तंतोतंत बसणार नाही, पण त्यासाठी डेटा बदनाम करू नका. हायडॉर्न आणि ट्रेव्हेला यांनी १९८८ मध्येच दाखवलं होतं की द्रावणात दोन्ही गोळे सरासरीने जवळ येतात, कारण मधला दुवा लवचिक असतो.