कायद्यावरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहायचंय? आधी तळटीपा उघडा

कायदा आणि सामाजिक न्यायावरचं नवं पुस्तक आलं की परीक्षणात बहुतेक जण पहिल्या प्रकरणात हे, दुसऱ्यात ते असं करत करत शेवटी "संग्राह्य ग्रंथ" लिहून मोकळे होतात. माझी पहिली दोन-चार अशीच होती, आता वाचवत नाहीत.

आधी प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचून लेखकाचं म्हणणं एका वाक्यात वहीत लिहा. विषय नको, म्हणणं. अनुज भुवानियांचं 2017चं 'कोर्टिंग द पीपल' जनहित याचिकांवर आहे एवढंच लिहिलंत तर काय सांगितलंत? याचिकेचे नियम सैल केल्यामुळेच कोर्टाच्या हातात मोकळं रान आलं आणि दिल्लीत त्याचा फटका गरिबांच्या वस्त्यांनाच बसला, हे त्यातलं म्हणणं, आणि याच्याशी भांडता येतं.

मग तळटीपा, इथे खरा वेळ घालवा. पुस्तक ज्या निकालावर सगळ्यात जास्त टेकलंय तो तरी स्वतः उघडून वाचाच, इंडियन कानून ही वेबसाइट नाहीतर सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर पोर्टलवर फुकट मिळतो, काही निकाल तर मराठीतही आहेत. अल्पमतातल्या न्यायमूर्तींचं काय केलंय ते बघा. ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा 2022चा निकाल 3 विरुद्ध 2 होता, त्या दोघांना लेखकाने अर्ध्या ओळीत गुंडाळलं असेल तर वाचकाला ते कळायला हवं की नको?

पुरावा कुठून आणलाय हेही बघायचं. रोहित डे यांनी 'अ पीपल्स कॉन्स्टिट्यूशन'साठी सुप्रीम कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधले कागद उपसले, म्हणून त्यात मुंबईच्या दारूबंदीविरुद्ध लढणारे बलसारा भेटतात, गोहत्याबंदीविरुद्ध कोर्टात गेलेले खाटीक भेटतात, वेश्याव्यवसायावरच्या कायद्याला आव्हान देणारी अलाहाबादची हुस्नाबाई भेटते. भारीच काम आहे, पण मला तरी तिथे प्रश्न पडतो की जे कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचलेच नाहीत त्यांचं काय? असा प्रश्न परीक्षणात जरूर टाका, फक्त लेखकाने लिहायलाच न घेतलेलं पुस्तक त्याच्याकडे मागत बसू नका.

तारखा तपासा, हे पटकन होतं. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल 1 ऑगस्ट 2024चा, त्यात असं उपवर्गीकरण करता येत नाही म्हणणारा 2004चा चिन्नय्या निकाल फिरवला. पुस्तक आधी छापलेलं असेल तर लेखकाला दोष देऊ नका पण "इथून पुढे कायदा बदललाय" एवढं लिहा. कलमांचंही तेच, 1 जुलै 2024पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं 302 आता 103 झालंय.

भाषेबद्दल एकच, "डिस्कोर्स" वगैरे शब्द पुस्तकातून जसेच्या तसे उचलू नका, आपल्या आतेला फोनवर सांगाल तसं लिहा. आणि लेखक ओळखीचा असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका, तुमचा पीएचडीचा गाईडच असेल तर मात्र पुस्तक दुसऱ्या कोणाला तरी द्या.