वळवाआधी घरातली एक खोली: छतापासून पायापर्यंतच्या पकडीची तयारी

वादळात घरातल्या माणसांना आसरा घेता येईल अशी एक भक्कम खोली बांधायची असेल, तर हे काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावे. गुढीपाडवा उलटला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत दुपारनंतर ढग चढू लागतात, आणि मृग लागेपर्यंत कोणत्या संध्याकाळी वळीव कोणाच्या घराचे पत्रे उचलेल याचा नेम नसतो. तेव्हा गवंडी मिळत नाही, मिळाला तर काँक्रीटला पाणी मारायला दिवस उरत नाहीत.

आधी ठरवायचे ते हे, की खोली कोणत्या वाऱ्यासाठी बांधायची. अमेरिकेत घरातच, जमिनीच्या वर, टोर्नेडोपासून, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या वादळापासून, बचावासाठी जी खोली बांधतात तिचा हिशेब ताशी 250 मैल, म्हणजे सुमारे 402 किलोमीटर वेगाचा धरलेला असतो. आपल्या देशात टोर्नेडो होतात ते प्रामुख्याने पूर्वेकडे. 31 मार्च 2024 रोजी पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यात मयनागुडीजवळ झालेला विध्वंस अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. आपल्याकडचे नुकसान बहुतेक वेळा ढगातून खाली कोसळून जमिनीलगत पसरणाऱ्या सरळ वाऱ्याचे असते. इमारतींवर येणाऱ्या भारांसाठीच्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात देशाचे वाऱ्याच्या वेगानुसार सेकंदाला 33 मीटरपासून 55 मीटरपर्यंत सहा पट्टे केले आहेत. आपल्या गावाचा पट्टा अभियंत्याकडून नकाशावर बोट ठेवून विचारून घ्यावा. अमेरिकेतली पोलादी पेटीसारखी खोली उचलून इकडे आणण्याची गरज नाही, पण तिच्यामागचा विचार जसाच्या तसा घ्यावा, कारण वारा कुठलाही असो, घर सुटते ते त्याच ठिकाणी.

त्या विचारातली मुख्य गोष्ट वजन नसून पकड आहे. आपल्याकडे मजबुती म्हणजे जाडी हा समज इतका पक्का आहे, की पत्र्यावर दगड ठेवून माणसे निर्धास्त झोपतात. एकदा आकडे मांडून पाहावेत. चौरस मीटरवर वाऱ्याचा दाब किती न्यूटन, हे सेकंदाला मीटरमधील वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणले की मिळते. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याला हा दाब चौरस मीटरमागे सुमारे 47 किलो वजनाइतका होतो. हा सगळा दाब छताला वर ओढतो असे सोयीसाठी धरले, तर दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर ती ओढ 440 किलोच्या आसपास जाते, आणि पत्रे पाइपांसकट शंभर किलोही भरत नाहीत. कडांना आणि कोपऱ्यांना ओढ याहूनही जास्त असते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. ताशी 402 किलोमीटरला त्याच छतावरची ओढ सात टनांच्या घरात जाते, तर पाच इंची स्लॅब स्वतः तीन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे त्या वाऱ्यात नुसत्या वजनावर स्लॅबसुद्धा टिकणार नाही. त्याला खाली धरून ठेवणारी सळई हवी.

निपाणीजवळ आमच्या काकांची तंबाखू ठेवण्याची एक शेड होती. वळवात तिचे छत गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पाहायला गेलो होतो. पत्रे फाटले नव्हते, पत्रे पाइपांना आवळणारे जे-बोल्ट जागच्या जागी होते, पाइपही भिंतीत बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांना पक्के वेल्ड केलेले होते. शेजारच्या उसात हे सगळे एकत्रच पडले होते, आणि पट्ट्यांना भिंतीच्या वरच्या विटांचे दोन थर तसेच चिकटलेले होते. सगळ्या जोडांनी आपले काम चोख केले होते, फक्त ते जोड दोन थर विटांपाशी संपत होते. म्हणून तपासणी नेहमी वरून खाली करावी. स्लॅबची सळई बीममध्ये वळवली आहे का, बीमची कॉलममध्ये गेली आहे का, कॉलमची सळई प्लिंथ बीममधून (जोत्याच्या पातळीवरच्या बीममधून) थेट पायात उतरते का, आणि जोडाच्या जागी दोन सळया पुरेशा लांबीपर्यंत एकमेकींवर घेतल्या आहेत का, हे काँक्रीट ओतण्याआधी स्वतः उभे राहून पाहावे, फोटो काढून ठेवावेत. एकदा माल ओतला की गवंड्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याखेरीज काही उरत नाही. काँक्रीटचा माल एम 20 या मजबुतीच्या प्रतीपेक्षा हलका नसावा आणि पाणी मारण्यात कंजुषी करू नये.

जुने कौलारू घर असेल, भिंती चिखलातल्या असतील, तर सगळे घर बदलणे बहुतेकांना परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. घराच्या आतच न्हाणीघराएवढी किंवा देवघराएवढी एक खोली स्वतःच्या चार कॉलमवर, स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या स्लॅबखाली उभी करावी. मात्र घराचे वासे किंवा आढे तिच्या स्लॅबवर टेकवण्याचा मोह टाळावा. वाऱ्याने घराचे छत उचलले तर ते एकटे जायला हवे, जाताना खोलीला ओढून न्यायला नको. तयार लोखंडी खोली आणून बसवायची असेल, तर तिचे बोल्ट शहाबादी फरशीत कधीही मारू नयेत. फरशीखाली वाळू, चुना किंवा मुरूम असतो आणि तो काहीही धरत नाही. फरशी उचलून खाली सळई घातलेल्या काँक्रीटचा थर करावा आणि बोल्ट त्यात घ्यावेत.

भिंतीचा प्रश्न वेगळा आहे. टेक्सासमधील लबक शहरात 11 मे 1970 रोजी टोर्नेडो झाला आणि तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठात वाऱ्याच्या नुकसानीचा अभ्यास सुरू झाला. त्यातून पुढे भिंतीवर तोफेने लाकूड मारून पाहण्याची चाचणी रूढ झाली. 6.8 किलोचा लाकडी वासा भिंतीवर आणि दारावर ताशी 161 किलोमीटर वेगाने, छतावर 108 किलोमीटर वेगाने मारतात, आणि तो आत शिरता कामा नये. आठ इंची पोकळ ब्लॉकची भिंत पोकळ ठेवली तर या चाचणीत फुटते. त्याच ब्लॉकच्या पोकळ्यांत उभी सळई घालून त्या काँक्रीटने पूर्ण भरल्या की टिकते. हा आपल्याला घेण्यासारखा सर्वांत स्वस्त धडा आहे, कारण पोकळ ब्लॉक आता प्रत्येक गावात मिळतात आणि ते तसेच पोकळ वापरले जातात. आपल्या वाऱ्यात वासा त्या वेगाने येणार नाही, पण सुटलेल्या पत्र्याची धार, खानापुरी कौल आणि रिकाम्या टाकीचे झाकण यांनाही कमी लेखू नये. खिडकी ठेवूच नये. हवेसाठी भिंतीत वर आणि खाली छोटी भोके ठेवून त्यांवर जाड लोखंडी पट्टीचे आच्छादन करावे.

सगळे नीट करून माणसे फसतात ती दाराशी. भिंतीवर लाख रुपये घालतात आणि दाराला एक कडी लावतात. अमेरिकेतल्या खोल्यांच्या दारांना सामान्यतः तीन बिजागऱ्या आणि तीन ठिकाणी बसणाऱ्या कड्या असतात, आणि दार, चौकट, कड्या हे सगळे एकत्र बसवूनच तपासले जाते, कारण भक्कम दार कच्च्या चौकटीसह आत येते. आपल्याकडे जाड पत्र्याचे, आतून अँगलचा सांगाडा असलेले दार फॅब्रिकेटरकडून करून घेता येते. चौकटीचे होल्डफास्ट, म्हणजे तिला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, विटांच्या सांध्यात न ठोकता बाजूच्या कॉलमच्या काँक्रीटमध्ये ओतून घ्यावेत आणि तिन्ही कड्या आतून, एका हाताने, अंधारात लागतील अशा असाव्यात. दार आत उघडणारे असले तर बाहेर पडलेल्या ढिगाऱ्याने ते अडत नाही. मग त्याच्या कड्यांवर सगळा भार येतो हे ध्यानात ठेवून त्या जाड घ्याव्यात. तरीही आत एक पहार ठेवावी, आणि खोली कुठे आहे हे शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवावे.

जागा निवडताना खोली तळमजल्यावर, घरातूनच जाता येईल अशी असावी. तिच्यावर पाण्याची टाकी ठेवू नये. पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन. आंबा, नारळ, नीलगिरी यांच्या पडण्याच्या टप्प्यातही ती नसावी. कृष्णाकाठच्या गावांनी 2019 च्या ऑगस्टमधले पाणी कुठवर आले होते ती खूण पाहून जोते त्याच्या वर घ्यावे. एका माणसामागे तीन चौरस फूट हा अमेरिकेतला किमान हिशेब आहे, पण आपल्या घरांत बसणारे आजोबा-आजी आणि मांडीवरचे मूल धरून मी तरी पाच धरीन.

आत पिण्याचे पाणी, बॅटरी, सेलवर चालणारा रेडिओ, शिट्टी, रोजची औषधे, प्रत्येकाची पायताणे आणि आधार, रेशन कार्ड, जमिनीचा आरटीसी उतारा यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. गॅसचा सिलिंडर आत नको, धान्याची पोतीही नकोत. वर्षभर रिकामी दिसणारी खोली आमच्या घरांत फार दिवस रिकामी राहत नाही, हा अनुभव आहे. वारा सुटल्यावर खिडक्या उघडून घरातला दाब सारखा करावा असे अजूनही काही जण सांगतात. ते खोटे आहे; उघड्या खिडकीतून वारा आत शिरून छताला खालूनही ढकलतो. खिडक्या लावाव्यात आणि खोलीत जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, कारण वळवात वारा ओसरला तरी वीज राहते. विजेचा इशारा देणारे दामिनी अॅप आधीच फोनवर घेऊन ठेवावे.

शिमग्याच्या सुमारास बिजागऱ्यांना तेल द्यावे, पहार जागेवर आहे का आणि रेडिओचे सेल गळलेले नाहीत ना ते पाहावे. मग एका संध्याकाळी मेन स्विच बंद करून, घड्याळ लावून सगळ्यांनी खोलीत जाऊन दाखवावे, आणि वरची तिसरी कडी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला लावायला सांगावी. हात पोचत नसेल, तर ती कडी दुसऱ्या दिवशीच खाली घ्यावी.