गूगलवर दुकान आहे? मग या चुका टाळा

दिवाळीच्या आदल्या रविवारी गोव्याहून एक कुटुंब आमच्या दुकानात आलं, तेव्हा सगळे घामाघूम झालेले. आमचं कुंद्याचं, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचं, दुकान बेळगावातल्याच शहापूर भागाच्या खडेबाजारात आणि ते पाऊण तास मुख्य बेळगावच्या खडेबाजारात शोधत होते. "अहो, मॅप तिकडे नेतो आणि दुकान इकडे कसं?" बाईंनी पाणी पिता पिता विचारलं. मी मोबाईल उघडून पाहिला. लाल खूण खरंच दुसऱ्या खडेबाजारात होती आणि तीन वर्षं तिथंच होती. हे लोक चिकाटीचे म्हणून पोचले. किती जण कंटाळून दुसऱ्या दुकानातून कुंदा घेऊन गेले असतील, ते कळायला काही मार्ग नाही.

त्या दिवसापासून आमच्या बाजारातल्या आठ-दहा दुकानांची गूगलवरची खाती (बिझनेस प्रोफाइल) मी बसून तपासली. सगळीकडे चुका त्याच.

पत्ता आणि नाव

आपल्याकडे गल्ल्यांची नावं जागोजागी तीच. मारुती गल्ली तर गावोगावी सापडते. म्हणून नुसता पत्ता टाइप करून सोडू नका. दुकानाच्या दारात उभं राहा, प्रोफाइल एडिटमध्ये जाऊन खूण बोटानं सरकवून नेमकी दारावर आणा आणि मग बाहेरगावच्या एखाद्या पाहुण्याला त्या मॅपवरून यायला सांगा. पत्त्यात जवळचं देऊळ किंवा चौक लिहा.

1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. गिऱ्हाईक बेळगाव लिहितं, बेळगावी लिहितं, इंग्रजीत बेलगाम लिहितं. म्हणून काही जण दुकानाच्या नावातच 'बेस्ट कुंदा बेळगाव बेलगाम बेळगावी होलसेल' असं सगळं कोंबतात. तसं करू नका. पाटीवर जे नाव, तेच गूगलवर हवं, असा नियमच आहे. माझ्या एका मित्राचं साड्यांचं खातं याच कारणानं ऐन लग्नसराईत बंद झालं. अपील करताना पाटीचा फोटो, ट्रेड लायसन्स, दुकानाच्या नावाचं लाईट बिल हे सगळं गोळा करत बसावं लागलं. पाटी बदललीत, तर नवा फोटोही त्याच दिवशी चढवा.

चावी दुसऱ्याकडे

ही चूक फार होते. कुणीतरी पोरगा येतो, हजार-दोन हजार घेतो, खातं उघडून देतो आणि उघडतो मात्र स्वतःच्या ईमेलवर. वर्षभरानं तो पुण्याला नोकरीला जातो आणि दुकानाचा फोन नंबर बदलायचा म्हटलं तरी मालकाच्या हातात काही नसतं.

अशा वेळी नवं खातं उघडू नका. एकाच दुकानाच्या दोन खुणा झाल्या की गोंधळ दुप्पट होतो. मॅपवर आपलं दुकान शोधून मालकी मागण्याची विनंती पाठवा. जुन्या मालकाला उत्तर द्यायला 3 दिवस मिळतात. त्यानं उत्तर दिलं नाही, तर बहुतेक वेळा व्हिडिओनं पडताळणी करून ताबा घेता येतो. त्या व्हिडिओत रस्ता, पाटी आणि तुम्ही स्वतः शटर उघडताना किंवा बिल करताना दिसलं पाहिजे. नंतर मालक तुमचाच ईमेल ठेवा, मुलाला किंवा कामगाराला मॅनेजर करा.

रागातलं उत्तर

मे महिन्यात पुण्याच्या एका गृहस्थांनी एक तारा देऊन लिहिलं, 'कुंदा आंबट लागला. पैसे वाया.' माझ्या धाकट्या भावानं रात्री अकराला उत्तर ठोकलं, 'आमच्या तीन पिढ्या या धंद्यात गेल्या. तुम्हाला कुंदा कशाशी खातात तेच माहीत नाही.' सकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट वडगावपासून टिळकवाडीपर्यंतच्या ग्रुपवर फिरला होता. नेहमीची गिऱ्हाइकं काउंटरवर विचारू लागली, "काय ओ, असं लिवलंय व्हय तुम्ही?"

त्या गृहस्थांचा एक तारा कुणाच्याच ध्यानात राहिला नाही. आमचं उत्तर मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. तक्रार करणारा एक असतो, पण तुमचं उत्तर पुढं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वाचतं.

दिलेलं उत्तर बदलता येतं, ते आम्ही बदललं: 'नमस्कार साहेब. कुंदा आंबट लागला याचं वाईट वाटतं. उन्हाळ्यात रात्रभराच्या प्रवासात तो बंद पिशवीत आंबतो, हे आम्ही तुम्हाला घेतानाच सांगायला हवं होतं. बिलावरच्या नंबरवर फोन करा, पैसे परत करतो.' डब्यावर 'फ्रिजमध्ये ठेवा' अशी चिठ्ठी त्याच आठवड्यात लागली. तक्रारीत खरं काहीतरी होतं आणि ते आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता घरात नियम आहे. वाईट रिव्ह्यू रात्री वाचायचा, उत्तर सकाळी द्यायचं. आणि 'आधी रिव्ह्यू काढा, मग पैसे देतो' असं चुकूनही म्हणायचं नाही. ते गूगलच्या नियमात बसत नाही, माणुसकीतही नाही.

उत्तर गिऱ्हाइकाच्या भाषेत द्या. आमची अर्धी गिऱ्हाइकं कानडी. माझी कानडी बोलण्यापुरती, म्हणून लिहायला शेजारच्या किराणा दुकानदारांची मुलगी मदत करते. मशीनचं भाषांतर तसंच चिकटवलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

सीमाभागात आणखी एक त्रास आहे. भाषेचा वाद पेटला की ज्यांनी दुकानाची पायरीही चढलेली नाही, असे लोक एकेक तारा टाकून जातात, दोन्ही बाजूंचे. त्यांच्याशी वाद घालू नका, एक शब्दही लिहू नका. रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांवर दाबून 'विषयाशी संबंध नाही' अशी तक्रार करा. निर्णयाला काही दिवस लागतात. नाकारलं तर एकदा अपील करता येतं. मात्र 'माल खराब होता, नव्हता' अशा भांडणात गूगल पडत नाही, तिथं तुमचं शांत उत्तर हाच इलाज.

विकतचे तारे

'शंभर रिव्ह्यू अमुक रुपयांत' असे फोन येतात. घेऊ नका. पाच तारे दिले तर दहा टक्के सूट, हेही नियमाबाहेर. कामगारांनी, घरच्यांनी लिहिलेलंही चालत नाही. पकडलं गेलं तर रिव्ह्यू उडतात, काही काळ नवे येणं बंद होतं आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना तुमच्याच पानावर झळकते. भारतीय मानक ब्युरोनंही 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं आहे. रिव्ह्यू मागायला मात्र हरकत नाही. खात्यातच क्यूआर कोड मिळतो, तो गल्ल्याशेजारी लावा आणि खूश दिसणाऱ्यालाच नाही, सगळ्यांना सांगा.

वेळ

अनंत चतुर्दशीला बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, कपिलेश्वर तलावाकडं जाणारे रस्ते गर्दीनं भरलेले असतात. त्या दिवशी निपाणीहून कुणी गूगलवर 'उघडं आहे' वाचून आला आणि शटर बंद दिसलं, तर रिव्ह्यू काय लिहील? खात्यात सणांच्या खास वेळा आधीच भरता येतात. बंद जाहीर झाला, तर त्याच रात्री दुसऱ्या दिवसाची वेळ बदला. मी हे काम झोपण्याआधी करतो, दोन मिनिटं लागतात.