डायलिसिसच्या पेशंटला थंडी वाजली तर: आधी कल्चर, मग अँटिबायोटिक

मी डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. पेशंटच्या घरच्यांना मी एक गोष्ट सारखी सांगत असते: ताप आला म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नका, आधी युनिटला फोन करा.

आठवड्यातून दोन-तीनदा रक्त बाहेर काढून परत आत सोडायचं, म्हणजे कातडीवरच्या जंतूंना दर वेळी आत शिरायची वाट मिळते. या पेशंटमध्ये जास्त करून सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. धडधाकट माणसाच्या नाकातही तो मुक्कामाला असतो. रक्तात गेला की हृदयाच्या झडपेला चिकटू शकतो, आणि कॅल्शियम-फॉस्फरस बिघडल्यामुळे डायलिसिसवाल्यांच्या झडपा बऱ्याचदा आधीच कडक झालेल्या असतात. मग झडपेवर जंतूंचा गोळा वाढतो, झडप गळायला लागते. गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पॅरालिसिस होतो.

ताप १०३ असेल तरच काळजी, असं धरून बसू नका. या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असते, त्यामुळे कधी नुसती कणकण असते. मशीन लावल्यावर थोड्या वेळात हुडहुडी भरली, तर कॅथेटरमध्येच (डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीतच) जंतू असल्याची शंका आधी घ्यायची. नवीन पाठदुखी, वाढलेली धाप, एरवी टिकणारं बीपी मशीनवर पडायला लागणं, हेही सांगा. "वयामुळे होतंय" म्हणून आमच्या काकू-मावश्या गप्प बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता कल्चर, म्हणजे रक्तात कोणता जंतू वाढतोय ते बघायची तपासणी. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी, किमान दोन वेगळ्या ठिकाणांहून रक्त घ्यायला हवं. एक गोळी जरी आधी पोटात गेली असेल तरी ते सांगा, कारण जंतू दबलेला असेल तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. रक्त घेतल्यावर मात्र औषधासाठी रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. डॉक्टर लगेच इंजेक्शन सुरू करतात आणि रिपोर्ट आला की गरजेप्रमाणे बदलतात.

रिपोर्टमध्ये स्टॅफ ऑरियस आला तर टूडी एकोबद्दल स्वतःहून विचारा. छातीवरून केलेल्या एकोत लहान गोळा निसटू शकतो. शंका राहिलीच तर अन्ननलिकेत नळी घालून टीईई करतात. नळीचं नाव ऐकून पेशंट घाबरतात, पण त्यात झडप फार स्वच्छ दिसते, म्हणून मी त्यांना धीर देऊन तयार करते.

झडपेला इन्फेक्शन निघालं तर इंजेक्शनं साधारण चार ते सहा आठवडे चालतात. सेफाझोलिन किंवा व्हँकोमायसिन असेल तर ते बहुतेक वेळा डायलिसिसच्या दिवशीच देता येतं, रोज शीर टोचावी लागत नाही. दूषित कॅथेटर काढावा लागतो. झडप फारच खराब झाली तर ऑपरेशन. ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी कोर्स पुरा करायचाच.

हे सगळं टाळायचं असेल तर फिस्टुला करून घ्या, म्हणजे हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडून केलेली डायलिसिसची जागा. तो तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात, म्हणून डायलिसिस लागणार असं कळलं की लगेच सर्जनना भेटा. "मानेतल्या नळीवर चाललंय ना" म्हणत वर्ष काढू नका. कॅथेटर आहे तोवर ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही, जोडताना-काढताना सिस्टर आणि पेशंट दोघांनी मास्क लावायचा. बाहेरच्या दवाखान्यात कोणी त्याच नळीतून सलाइन लावू म्हणालं तर सरळ नाही म्हणा. फिस्टुला असला तरी सुई टोचण्याआधी हात साबणाने धुवायचाच.

आधी झडपेचं इन्फेक्शन होऊन गेलं असेल किंवा कृत्रिम झडप असेल, तर दात काढायच्या आधी डेंटिस्टला ते नक्की सांगा. अशा पेशंटला अँटिबायोटिकचा डोस आधी द्यावा लागतो. डायलिसिसच्या फाइलच्या पहिल्या पानावर हे लाल पेनाने लिहा, आणि खाली युनिटचा रात्रीचा नंबर.