वर्षाचा हिशोब लॅपमध्ये: नाशिकच्या ग्राऊंडवर नव्याने येणाऱ्या लांब पल्ल्याच्या धावकांसाठी

डिसेंबर संपत आला की ग्राऊंडवर एकच प्रश्न फिरतो, "यंदा मेडल किती?" नवीन आलेली मुलंमुली वर्षाचा सगळा हिशोब तिथेच मांडतात आणि तिथेच संपवतात. मला हे पटत नाही. पाच हजार, दहा हजार मीटर किंवा हाफ मॅरेथॉन धावणाऱ्याने वर्ष मोजायचं ते डायरीवरून, आणि डायरी वाचायची ती लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या ४०० मीटरच्या एका फेरीच्या, सेकंदांत. मेडल त्या दिवशी शेजारी कोण उभं आहे यावरही ठरतं. लॅपचं टायमिंग मात्र पूर्णपणे तुमचं असतं.

याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत, आम्हा सगळ्यांच्या कविताताई, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंद्र सिंग सरांच्या हाताखाली तयार झाल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये ३३:०५.२८ या वेळेसह कांस्य जिंकलं. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य मिळालं, वेळ ३१:५१.४४. म्हणजे पहिल्या शर्यतीत लॅप साधारण साडेएकोणऐंशी सेकंदांचा, दुसऱ्यात साडेशहात्तरचा. धावपटू तीच, वर्ष तेच, आणि फरक जवळपास सव्वा मिनिटाचा. काही शर्यतींत सगळ्या एकमेकींवर नजर ठेवून धावतात, काही शर्यतींत पुढची मुलगी पहिल्यापासून ओढून नेते. ग्वांगझूला सुवर्ण जिंकणाऱ्या प्रीजा श्रीधरन यांची वेळ होती ३१:५०.४७, एक सेकंदही पुढे नाही. म्हणून नुसता "तिसरी आले" किंवा "दुसरी आले" हा वर्षाचा हिशोब होत नाही. हवा कशी होती, सोबत कोण होतं, लॅप कसे पडले, हे शेजारी लिहिलेलं असलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

आता माझं स्वतःचं वर्ष. यंदा १०,००० मीटरमध्ये माझं सर्वोत्तम टायमिंग ३६:४० निघालं. पंचवीस लॅप, सरासरी ८८ सेकंद. पण डायरीत लॅप वेगवेगळे लिहिलेत. पहिले पंधरा लॅप ८७ च्या आसपास, सोळाव्यापासून एकविसाव्यापर्यंत ९१-९२, आणि शेवटचे चार पुन्हा ८६-८७. हे वाचल्यावर नव्या वर्षात काय करायचं ते आपोआप कळतं. शेवटी वेग वाढवता येतोय, म्हणजे स्पीड आहे. मोडतंय ते मधलं अंतर. मग मी आणखी २०० आणि ४०० मीटरच्या रिपिटिशन (तेच अंतर मध्ये विश्रांती घेत पुन्हा पुन्हा धावणं) मारून काही मिळणार नाही. मला लांब टेम्पो (न थांबता एकसारख्या जोरकस वेगाने धावणं) हवेत, दोन-दोन हजार मीटरच्या रिपिटिशन हव्यात, आणि दमल्यावरही पावलांची लय टिकवायची सवय हवी. पुढच्या वर्षाचं लक्ष्य मी ३५:५० ठेवलंय. मोठं वाटतं, पण ते लॅपला ८६ सेकंद आहे, म्हणजे आजच्यापेक्षा प्रत्येक लॅपला दोन सेकंद कमी. असं मांडलं की सरांशी बोलताही येतं. "मला खूप पुढे जायचंय" यावर कुठलेच सर वर्कआउट लिहून देऊ शकत नाहीत.

डायरीसाठी साधी वही पुरे. घड्याळ आणि ॲप किलोमीटर मोजतात, पण झोप किती झाली, सकाळी उठल्यावर नाडी किती होती, पोटरी कुठे दुखली, पाळी कधी आली, बूट किती किलोमीटर चाललेत, हे हातानेच लिहावं लागतं. आणि आपल्याकडे आणखी एक रकाना हवा, शेतीचा. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्यांचा जुलै आवणीत जातो. दिवसभर चिखलात वाकून भात लावला की संध्याकाळचं धावणं नावालाच उरतं. दिंडोरी-निफाडकडच्या मुलांची ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी असते, पुढे डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि विरळणी, आणि नेमके तेच दिवस शालेय, कॉलेज आणि राज्य स्पर्धांचे. घरचं काम टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण ते वर्षाच्या आखणीत आधीच धरलं पाहिजे. मी जुलैत किलोमीटर मुद्दाम कमी ठेवते. त्या दिवसांचे कष्टही डायरीत लिहिते, कारण त्यांनी शरीर ट्रेनिंगइतकंच थकतं.

नाशिकचं हवामान धावकाला चांगलं आहे, हे बाहेरगावी स्पर्धा खेळून आल्यावर जास्त जाणवतं. पहाटेच्या थंडीत गंगापूर रोडने आनंदवली, सोमेश्वर करत धरणाकडे जाणारा लाँग रन मला वर्षभर पुरतो. चढासाठी पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. त्र्यंबक रोड लांब टेम्पोला उत्तम, फक्त तिथी पाहून जा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या याच रस्त्याने असतात, आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते. एप्रिल-मेमध्ये वेगाचं काम सूर्य वर यायच्या आत संपवायचं.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मात्र स्पर्धा निवडण्याचा. हिवाळ्यात जवळपास दर रविवारी कुठे ना कुठे रोड रेस असते आणि बक्षिसाची रक्कमही असते. घरून पैसे येत नसतील तर त्या पैशाचं महत्त्व मला माहीत आहे. रूमचं भाडं, मेस, बूट, सगळं त्यातूनच निघतं. तरीही ठामपणे सांगते, वर्षात दोनच मुख्य स्पर्धा ठरवा. एक ट्रॅकवरची, एक रस्त्यावरची किंवा क्रॉसकंट्रीची. बाकीच्या स्पर्धा धावायच्या, पण त्यांच्यासाठी ट्रेनिंग मोडायचं नाही आणि आधी आठवडाभर विश्रांतीही घ्यायची नाही. हाफ मॅरेथॉन मनापासून धावलात तर पुढचे दोन आठवडे जड वर्कआउट नको. लागोपाठच्या रविवारी रेस खेळणाऱ्या मुलांचं टायमिंग ऑक्टोबरपेक्षा फेब्रुवारीत जास्त, म्हणजे वाईट, आलेलं मी आमच्याच ग्रुपमध्ये पाहिलंय. माझ्या पुढच्या वर्षात ट्रॅकवर राज्य स्पर्धा आहे आणि रस्त्यावर जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबईची हाफ. तिथे १:१९ च्या आत यायचं, म्हणजे किलोमीटरला ३:४४.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी पूर्ण मॅरेथॉनच्या मागे लागू नये. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या वीस वर्षांखालील स्पर्धांत मॅरेथॉन हा प्रकारच नाही. या वयात पाच हजाराचं टायमिंग कमी केलं, तर ते पुढे प्रत्येक अंतरात उपयोगी पडतं.

मुलींशी थोडं वेगळं बोलायचंय. पाळी बंद झाली की "आता फिटनेस आला" असं ग्राऊंडवर कुणीतरी सांगतं. ते साफ चुकीचं आहे. जेवढं धावता तेवढं खाणं पोटात जात नाही, असा त्याचा बहुतेकदा अर्थ असतो, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. दोन-तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि सरांनाही स्पष्ट सांगा. वर्षातून दोनदा रक्त तपासा. नुसतं हिमोग्लोबिन नको, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही बघा, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. नागलीची भाकरी, कडधान्यं, शेंगदाणे-गूळ, अंडी, हे आपल्या घरचं खाणं धावकाचंच खाणं आहे. चहा जेवणासोबत नको, तो लोह शोषू देत नाही.

औषधांबाबत नियम कडक आहे आणि तो योग्यच आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. "सरांनी दिलं", "मित्राने दिलं" हे चालत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिनसुद्धा स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे निषिद्ध आहे. डॉक्टरांना आधी सांगा की मी खेळाडू आहे. लेबल नसलेली पावडर किंवा कुणी खिशातून काढून दिलेली गोळी घ्यायचीच नाही. २०१७ साली आपल्या नाशिकची मोनिका आथरे लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. त्याच वर्षी कितीतरी मुली याच मैदानांवर यायला लागल्या. नाशिकच्या नावाला हा वारसा आहे, त्याला डाग लागू द्यायचा नाही.

बुटांचं थोडक्यात. जाड सोलचे रोड शूज ट्रॅकवर चालत नाहीत. नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकच्या शर्यतींना सोलची मर्यादा २० मिलिमीटर आहे, रस्त्यावर ४०. ट्रॅकसाठी साधे डिस्टन्स स्पाइक्स (लांब पल्ल्याचे खिळ्यांचे बूट) घ्या आणि ते फक्त वेगाच्या कामाला वापरा.

प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून जपा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी व्हावी लागते. स्पर्धा कोणत्या संघटनेची, कोणत्या गटाची, हे आधी विचारा. रोड रेसचं बक्षीस आणि मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जानेवारीत ग्राऊंडवर येणार असाल तर तीन गोष्टी सोबत आणा: मागच्या वर्षीचं तुमचं खरं टायमिंग, घरच्या शेतीकामाचे महिने, आणि एक कोरी वही. पहिल्या आठवड्यात सर वेग विचारणार नाहीत. ते सावकाश, बोलता येईल अशा गतीने पाऊण तास धावायला लावतील. सोबतच्या मुली पुढे निघून गेल्या तरी तुम्ही त्याच गतीने धावा, आणि घरी आल्यावर वहीत पहिली ओळ लिहा.