दोन विमानतळांमधलं अंतर काढताना उणे चिन्ह विसरू नका

एखाद-दुसरंच अंतर हवं असेल तर गूगल मॅप्स उघडा, एका विमानतळावर राइट क्लिक करून ‘मेझर डिस्टन्स’ निवडा, दुसऱ्यावर क्लिक करा. झालं काम. पन्नास-साठ जोड्यांचा तक्ता करायचा असेल तरच पुढचं वाचा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. मर्केटर नकाशावर, म्हणजे ध्रुवांकडे ताणलेल्या त्या नेहमीच्या सपाट नकाशावर, मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, अल्जीरियावरून जाते आणि त्या वाटेने अंतर भरतं सुमारे 14,200 किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने वर चढतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो, आणि हिशेब येतो सुमारे 12,500. आपल्याला हेच अंतर हवंय.

अक्षांश-रेखांश विमानतळाचे घ्या, शहराचे नकोत. लंडन म्हणजे हीथ्रो की गॅटविक, ते आधी ठरवा.

आता खरी मेख. सूत्र चुकतंय म्हणून लोक तासन्‌तास सूत्राशी झटतात, आणि चूक असते आकडे भरण्यात. न्यूयॉर्कच्या जेएफकेचा अक्षांश 40 अंश 38 मिनिटं 23 सेकंद असा दिलेला असतो. तो 40.3823 असा टाइप केलात की विमानतळ जवळजवळ 29 किलोमीटर दक्षिणेला सरकला. मिनिटांना 60 ने, सेकंदांना 3600 ने भागा आणि अंशांत मिळवा: 40.6397. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणणाऱ्यांचा तक्ता मी तपासायला घेत नाही.

दुसरी चूक माझीच. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लागतं. मुंबई पूर्वेला जवळपास 73 अंशांवर, न्यूयॉर्क पश्चिमेला जवळपास 74 अंशांवर. उणे विसरलं की न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात, ओशच्या पूर्वेला जाऊन बसतं आणि अंतर येतं 2,400 किलोमीटर. एरर येत नाही, रकाना लाल होत नाही. मालवाहतुकीच्या दरांसाठी केलेला तो तक्ता मी तसाच पुढे पाठवला होता. दुबईच्या 1,930 खाली 2,400 अगदी शहाण्यासारखं दिसत होतं! साहेबांनी विचारलं, “न्यूयॉर्क एवढं जवळ कधी आलं?” तेव्हापासून पूर्व-पश्चिम असा वेगळा रकाना ठेवतो आणि उणे चिन्ह स्प्रेडशीटलाच लावायला सांगतो. हाताने लावतच नाही.

पुढचं सोपं. सगळे अंश रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) बदला. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार त्यात मिळवा. बेरजेचा आर्ककोसाइन (उलटा कोसाइन) काढून 6371 ने, म्हणजे पृथ्वीच्या किलोमीटरमधल्या त्रिज्येने, गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. नॉटिकल मैल हवे असतील तर 1.852 ने भागा. पृथ्वी पुरती गोल नाही, त्यामुळे थोडा फरक पडतो. दरपत्रकाला तो चालतो.

तक्ता पुढे पाठवण्याआधी मुंबई-न्यूयॉर्कची ओळ बघा. 12,500 च्या आसपास आकडा नसेल तर पुन्हा रेखांशांच्या रकान्यात जा.

विमान प्रत्यक्षात याहून जास्तच उडतं. मुंबई-न्यूयॉर्कची ही रेघ पाकिस्तानवरून जाते, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. इंधनाचा हिशेब करायचा असेल तर हा तक्ता वापरू नका, प्रत्यक्ष मार्ग मागवा.