पावसाळ्यात गावाच्या विहिरीचे पाणी आणि जुलाबाची नोंद

पहिल्या पावसानंतर विहिरीचे पाणी बदलते, म्हणून ते शुद्ध करणाऱ्या क्लोरीनच्या पावडरीची मात्रा अंदाजाने न ठरवता पाणी मोजून ठरवावी. विहिरीच्या व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये) आणि ७८५ यांचा गुणाकार केला की लिटर मिळतात. व्यास ३ आणि खोली ४ मीटर असेल, तर सुमारे २८,००० लिटर पाणी होते. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे येथे १४० ग्रॅम लागेल. ती बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसल्यावर फक्त वरची निवळी विहिरीत सोडावी. ओलसर, उघड्या पोत्यातल्या पावडरीवर विसंबू नये, कारण तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करून पाण्यात किती क्लोरीन उरला आहे, ते पाहावे. पाण्याच्या नमुन्यात या द्रावणाचे थेंब टाकताच येणारा पिवळा रंग १० सेकंदांच्या आत तक्त्याशी ताडावा, कारण उशिराचे वाचन फसवे असते. विहिरीचे पाणी नळाने घरोघरी जात असेल, तर नमुना टाकीजवळचा नव्हे, तर शेवटच्या घरच्या नळाचा घ्यावा, आणि तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळावा. द्रावण टाकलेला नमुना कोणीही पिऊ नये.

पाण्याच्या या नोंदी ज्या वहीत ठेवल्या, त्याच वहीत आशाताईंकडून कळलेले जुलाबाचे रुग्ण तारीख, वस्ती आणि पाण्याच्या स्रोतासह लिहावेत. एकाच नळावरची दोन-तीन घरे आजारी दिसली, तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे आणि गटाराजवळची जलवाहिनी गळते आहे का, हे पाहावे.